माहूर : गड आणि गाव

आमच्याकडे माहूरहून आलेला माणूस 'माहूरला गेलो होतो' असे सहसा म्हणत नाही, 'गडावर जाऊन आलो' असे म्हणतो. लग्न झाले की नवी जोडी गडावर जाते. नवस फेडायला गडावर, काही मागायचे असले तरी गडावरच. नवरात्रात गावोगावची मुले गडावर ज्योत पेटवून घेतात आणि अनवाणी धावत ती गावापर्यंत आणतात. आर्णी, दिग्रस, पुसद, महागाव, उमरखेड या साऱ्या पट्ट्यात ही रीत आहे. पण माहूर नावाचे जे गाव गडाच्या पायथ्याशी आहे, ते या येण्याजाण्यात कोणाच्या खिजगणतीत नसते. नारळ-ओटी विकत घ्यायची, बस बदलायची, एवढाच त्या गावाशी संबंध. मीही लहानपणापासून सात-आठ वेळा गडावर गेले आहे. गाव पाहिले ते यंदा, बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला इतिहास विषय घेतल्यावर.

ते पाहण्यासाठी एक अख्खा दिवस काढला. त्याआधी ग्रंथालयात बसून जे हाती लागले ते वाचले. त्या वाचनाची आणि त्या दिवसाची सांगड घालण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात आहे. माझे म्हणणे असे की, ज्याला आपण नुसते देवस्थान समजतो ते माहूर एके काळी अर्ध्या वऱ्हाडाचे मुख्य ठाणे होते, आणि आपल्या जिल्ह्याचा मोठा भाग त्याच्या अमलाखाली होता. नदीपलीकडचे, परजिल्ह्यातले गाव म्हणून आपण त्याला ओळखतो, ती ओळख त्या मानाने फार अलीकडची आहे.

सोबतीला आजी होती. तिचे वय शहात्तर. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एस.टी.त तिकीट नाही आणि बायकांना अर्धे, त्यामुळे दोघींचा प्रवास माझ्या एका अर्ध्या तिकिटात झाला. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. आजी शाळेत गेली नाही, पण गड तिला पाठ आहे. "कायचा अभ्यास करतं वं तिथं? देवी का पुस्तकात मावते?" असे तिने घरूनच विचारून ठेवले होते.

आर्णीहून निघालेली बस धनोड्याला आली की पैनगंगेचा पूल लागतो. पुलाच्या अलीकडे यवतमाळ जिल्हा, पलीकडे नांदेड; अलीकडे विदर्भ, पलीकडे मराठवाडा. आजीने खिडकीतून नदीला हात जोडले आणि तिच्या सासूबाईंची आठवण सांगितली. त्या म्हणत, पुलापलीकडे निजामाचे राज्य होते तेव्हा आपला कलदार रुपया मोडून तिकडचा हाली घ्यावा लागे. मी पुस्तकात पाहिले तर हे खरेच निघाले. हैदराबाद संस्थानाचे नाणे वेगळे होते, त्याला हाली सिक्का म्हणत, आणि साधारण सात हाली रुपयांना सहा कलदार असा भाव असे. देवीपुढे पैसा ठेवायचा तर आधी राज्य बदलल्याची जाणीव अशी कनवटीलाच होत असणार.

ही नदी सरहद्द केव्हा झाली? १८५३ साली निजामाने तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. पैनगंगेच्या उत्तरेचा मुलूख इंग्रजी कारभारात गेला आणि दक्षिणतीरावरचे माहूर निजामाकडे राहिले. नावाला वऱ्हाडही निजामाचेच होते. १९०२ साली ते इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने मिळाले आणि पुढच्याच वर्षी मध्यप्रांताला जोडले गेले. आपल्या जिल्ह्याला तेव्हा वणीवरून 'ऊन जिल्हा' म्हणत. १९०५ साली त्याचे नाव यवतमाळ झाले आणि वाशीमकडचा पुसद तालुका त्याच वेळी आपल्यात आला. इकडे माहूर ज्या किनवट तालुक्यात होते तो हैदराबाद संस्थानाच्या आदिलाबाद जिल्ह्यात. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा किनवट नांदेडला जोडले गेले. म्हणजे पैनगंगेचे दोन काठ १०३ वर्षे दोन वेगळ्या कारभारांत होते. आज माहूर हा स्वतंत्र तालुका आहे.

त्याच्या मागची गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. बहामनी राज्यात वऱ्हाड हा एक मोठा सुभा होता. वजीर महमूद गावान याला वाटले की, चार सुभेदार फार बलिष्ठ झाले आहेत. म्हणून त्याने चाराचे आठ सुभे केले. त्या वाटणीत वऱ्हाडचे दोन तुकडे झाले. एकाचे ठाणे मेळघाटातले गाविलगड आणि दुसऱ्याचे माहूर. पुढे १४८१ मध्ये गावान स्वतःच मारला गेला, पण माहूरचे महत्त्व टिकले. अकबराच्या काळात वऱ्हाड मोगलांकडे गेले, तेव्हा 'आईन-इ-अकबरी'त सुभा वऱ्हाडाच्या सरकारांची यादी आली. तीत माहूर आहे आणि आपले कळंबही आहे. जिथे आपण जमिनीच्या पोटातल्या चिंतामणीच्या दर्शनाला पायऱ्या उतरून जातो, तेच हे कळंब. आपल्या जिल्ह्याचा बराचसा मुलूख या दोन सरकारांत वाटलेला होता. खुद्द यवतमाळ त्या यादीत लोहाऱ्याशी जोडलेला एक महाल म्हणून येते, आणि नावातला 'मळ' हा 'महाल'च असावा असे गॅझेटियरकार म्हणतात. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी सरकारी कामासाठी यवतमाळच्या माणसाला माहूर परके नव्हते. त्याच्या शेजारचे ते मोठे शहर होते.

मात्र 'आईन'मध्ये मला सर्वांत आवडला तो माहूरवरचा चार ओळींचा मजकूर. डोंगरावर भक्कम किल्ला आहे. त्याच्याजवळ दुर्गेचे देऊळ आहे, तिला या भागात जगद्धात्री म्हणतात. आणि इथल्या म्हशी उत्तम जातीच्या असून अर्धा मण आणि त्याहूनही अधिक दूध देतात, अशा आशयाचा तो मजकूर आहे. बादशहाच्या दप्तरात किल्ला आला हे ठीक, देवीही आली. पण म्हशींनी जागा पटकावली याची गंमत वाटते. गडाच्या पायऱ्या चढताना आजी दम घ्यायला बसली, तेव्हा तिला मी हे सांगितले.

"अर्धा मण?" आजी म्हणाली, "म्हंजे वीस शेर. एका टायमाचं का दोन्ही टायमाचं?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. 'आईन'मध्ये त्याचे उत्तर नाही. मी म्हटले, दिवसाचे धर. आजी हसली. "कोणं तरी फेकलं त्याच्यापुढं. बादशा का धार काढाले येते?" तेव्हा मी सांगितले की, अकबराच्या वेळचा मण आपल्या चाळीस शेरांच्या मणापेक्षा लहान होता, आजच्या हिशेबाने सुमारे पंचवीस किलोंचा. आजीने बोटांवर मोजले. "मंग तसं सांग नं. साडेबारा किलो. सरकी-ढेप चांगली असन त देते म्हैस येवढं. खोटं नाही मंग."

वर्गात आम्ही साधनांची चिकित्सा हा भाग शिकतो. आधारग्रंथात जे लिहिले ते कोणी, कशावरून लिहिले आणि त्यातली मापे त्या काळची कोणती, हे आधी तपासावे असे सर सांगतात. आजीने ती तपासणी तीन वाक्यांत केली. तिच्यापाशी ग्रंथ नव्हता, पण साठ वर्षे धार काढलेले हात होते. तिच्या आणि माझ्या माहितीची अशी गाठ त्या दिवशी पहिल्यांदाच पडली.

गडावर देवीची मूर्ती म्हणजे शेंदूर चर्चिलेला मोठा मुखवटा. हातपाय, धड काही नाही. अशा स्वयंभू पाषाणाला आपल्याकडे तांदळा म्हणतात. समोर विड्याचा तांबूल खलबत्त्यात कुटून प्रसाद म्हणून देतात. तो घेतल्यावाचून आजी गड उतरत नाही. नुसते मुखच का, याची कथा तिथे सर्वांना ठाऊक आहे. सहस्रार्जुनाने जमदग्नींना मारले. परशुरामाने कावडीत एकीकडे पित्याचे शव आणि दुसरीकडे आईला घेऊन कोरी भूमी शोधत इथवर येऊन अग्नी दिला. रेणुका सती गेली. आईसाठी परशुराम रडू लागला तेव्हा ती भूमीतून वर येऊ लागली. मागे पाहू नकोस असे त्याला बजावले होते, पण त्याने पाहिले, आणि मुखच वर येऊन राहिले. म्हणून हे मातापूर. शेजारच्या आंध्र मुलखात गावाला 'ऊर' म्हणतात, त्यावरून 'माऊर' आणि पुढे माहूर झाले, असेही सांगतात. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्राला कितपत मानवेल ते मराठीचे प्राध्यापक सांगोत. परंतु तेलुगू इथून दूर नाही एवढे तरी त्या नावावरून कळते.

दुसरी एक कथा महाभारताच्या वनपर्वात आहे, आणि ती गडावर मी कधी कोणाच्या तोंडून ऐकली नाही. क्षणभर मन ढळले म्हणून जमदग्नींनी रेणुकेला मारण्याची आज्ञा केली. चार मुलांनी ती पाळली नाही. परशुरामाने पाळली, आणि मग वर मागितला की आई जिवंत व्हावी व आपण मारली गेलो हे तिला आठवू नये. जिवंत होण्यापेक्षा हे न आठवणेच मला अधिक विचित्र वाटले. मुलाची सोय झाली, आईचे काय? बाहेर ओवरीत बसल्यावर आजीला मी ही कथा सांगितली. तिला ती माहीत होती. जरा वेळ गप्प राहून ती म्हणाली, "ते पोथीतलं. गडावर लेकरू रडलं अन् माय आली, येवढंच हाये." गडावर येणाऱ्या बायका कोणती कथा घेऊन येतात आणि कोणती मागे ठेवतात, याची नोंद कोणी तरी केली पाहिजे.

डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी' या १९७८ सालच्या ग्रंथात रेणुका आणि यल्लमा यांचा विचार वेगळ्या अंगाने केला आहे. रेणू म्हणजे मातीचा कण. रेणुका ही मुळात भूमीच आणि वारूळ हे तिचे रूप, अशी त्यांची मांडणी. ती वाचून पुन्हा तांदळ्यापुढे उभे राहिले की, भूमीतून अर्धेच वर आलेले मुख ही कल्पना निराळीच भासू लागते. माझी श्रद्धा त्याने कमी झाली नाही. वाढली असे म्हणायलाही माझे धाडस नाही.

साडेतीन पीठांत माहूर हे एक पूर्ण पीठ. कोल्हापूर आणि तुळजापूर ही दुसरी दोन, आणि अर्धे वणीचे. (ही वणी नाशिककडची सप्तशृंगीची, आपल्या जिल्ह्यातली नव्हे. आमच्या वर्गात यावरून वाद झाला होता, म्हणून लिहिले.)

रेणुकेचे शिखर, दत्ताचे शिखर आणि अनसूयेचे शिखर असे तीन डोंगर यात्रेकरू करतात. श्रावणातल्या पौर्णिमेला परिक्रमा असते, तेव्हा आपल्या जिल्ह्यातून माणसांचा लोंढा तिकडे जातो. श्रीदत्त काशीला स्नान करतात, कोल्हापूरला भिक्षा मागतात आणि निद्रेला माहूरला येतात, ही समजूत सर्वश्रुत आहे. त्या दिवशी आम्ही ती दोन शिखरे केली नाहीत. आजीचे गुडघे आणि माझा गावाचा हट्ट, दोन्ही कारणे होती.

किल्ला रेणुकेच्या डोंगराला लागूनच आहे, पण वाट वाकडी करून तिकडे जाणारे थोडे. आजी झाडाखाली बसली, मी एकटीच गेले. मोठा दरवाजा, जाड तट, आत झाडोरा आणि तळे. तटावर उभे राहिले की जंगलाच्या पलीकडे नदीचा मुलूख दिसतो. १६२३ साली शाहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, बापाविरुद्ध बंड करून दक्षिणेत पळाला तेव्हा तो माहूरला आला होता. आपले हत्ती आणि जड सामान त्याने इथल्या उदाराम देशमुखाच्या हवाली केले आणि तो गोवळकोंड्याच्या मुलखातून ओरिसाकडे निघून गेला. ताजमहाल बांधणारा माणूस कधी काळी जीव वाचवत या झाडीतून गेला, हे तटावर उभे असताना खरे वाटत नव्हते.

त्याच उदारामाच्या घराण्यातली सावित्रीबाई. तिला औरंगजेबाने 'रायबाघन' असा किताब दिला. बाघन म्हणजे वाघीण. १६६१ च्या फेब्रुवारीत उंबरखिंडीत शिवाजीमहाराजांनी कारतलबखानाला कोंडले, तेव्हा ती मोगलांच्या फौजेत होती. लढण्यात आता अर्थ नाही, शरण जावे, असे खानाला तिने स्पष्ट सुनावल्याचे कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारता'त आले आहे. शाळेच्या पुस्तकात उंबरखिंड आली होती. रायबाघन हे नावही कदाचित आले असेल. पण ती माहूरची, म्हणजे आमच्या गावापासून दीड तासावरची, हे कोणी सांगितले नाही. ती शत्रुपक्षात होती म्हणून तिचे कौतुक गावाने केले नसेल काय? मला तर वाटते, फौजेतले पुरुष गप्प असताना पराभव झाला हे ओळखून तसे तोंडावर सांगणे, हे लढण्याइतकेच अवघड काम होते. आजीला हे सांगितले तेव्हा तिने एकच विचारले, "मंग आयकलं का त्यानं?" ऐकले, म्हणून सुटले. "मंग शहाणा होता," आजी म्हणाली.

दुपारी खाली उतरून गाव पाहिले. गावालगत डोंगर कोरून केलेली लेणी आहेत, लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. आपल्याकडे ज्याचा कर्ता ठाऊक नाही ते सारे पांडवांचे असते. अभ्यासक ती राष्ट्रकूट काळातली मानतात. आत जाड चौकोनी खांब, अंधार, वटवाघळांचा वास. गडावर एवढी गर्दी होती आणि इथे आम्ही दोघी. रेणुकेचे देऊळ देवगिरीच्या यादवांनी बांधले असे सांगतात. ते खरे धरले तरी ही लेणी त्याच्याही आधीची ठरतात.

गावात देवदेवेश्वराचे देऊळ आहे. ते महानुभाव पंथाचे मोठे स्थान. पंथाच्या पाच कृष्णांपैकी श्रीचक्रपाणी हे फलटणहून माहूरला आले आणि इथे त्यांना श्रीदत्तात्रेयांची भेट झाली, अशी त्यांची परंपरा आहे. ज्या पंथाच्या 'लीळाचरित्रा'पासून मराठी गद्याचा अभ्यास आपण सुरू करतो, त्याच्या पहिल्या धाग्यांपैकी एक इथे आहे. याच गावात सोनापीर बाबांचा दर्गा आहे, त्यांचा उरूस भरतो. आजी बाहेरूनच पदर सावरून पाया पडली. हे कोणत्या ग्रंथात बसवायचे असे तिने मला विचारले नाही आणि मीही तिला विचारले नाही. शासनाचे लहानसे वस्तुसंग्रहालयही आहे, त्यात या भागातल्या जुन्या मूर्ती ठेवल्या आहेत. तिथे यात्रेकरूंपैकी कोणी नव्हते.

देवी, दत्त, महानुभाव, पीर, लेणी, मोगलांचे ठाणे हे सारे एका गावात कसे जमले असेल? मला सुचणारे कारण साधे आहे. इथे नदीचा उतार होता, डोंगराचा आसरा होता आणि वऱ्हाडातून तेलंगणात जाणारी वाट जवळ होती. जिथून माणसे जातात तिथे देव थांबतात आणि फौजाही थांबतात. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी हे तपासून पाहावे. जुन्या वाटा नकाशावर मांडल्या तर उलगडा होईल असे वाटते.

आपल्यापैकी कोणी जाणार असेल तर एक सूचना. आम्ही आधी गड केला आणि मग गाव. त्यामुळे लेण्यांत पोचेतो आजी थकली होती. उलटे करावे. सकाळच्या पहिल्या गाडीने जाऊन उन्हाआधी लेणी आणि गाव पाहावे, डबा खाऊन मग गडावर जावे आणि तिथूनच किल्ला करावा. किल्ल्यावर एकट्यादुकट्याने जाऊ नये, झाडी दाट आहे. पिण्याचे पाणी खालूनच न्यावे. आणि शक्य असेल तर घरातले एखादे म्हातारे माणूस सोबत असावे.